अमेरिकेतल्या आद्य वसाहतकार घराण्याची वंशावळ कशी लावावी

घराण्यात कोणी मोठा सेनानी होऊन गेला असं ऐकायचं आणि त्याच्यापासून खाली उतरत स्वतःपर्यंत यायचं, हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता राग येतो. असं उतरणारा माणूस हमखास दुसऱ्याच्याच घरात पोचतो. सुरुवात आजच्या पिढीपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. मूल आणि आईबाप यांना जोडणारा कागद हातात आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी म्हणजे पुरावा नव्हे. दोनशे जणांनी एकच चूक उतरवून घेतली, तरी ती चूकच राहते.

१९५० ते १८५० हा टप्पा सोपा आहे. जनगणनेची पानं बहात्तर वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतची पाहता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. १८९० ची पानं १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, तिथे उडी मारावी लागते. एकच सावधगिरी: कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून लिहिलं जाऊ लागलं. १८५० ते १८७० च्या पानांवर नवऱ्याच्या नावाखाली जी बाई दिसते ती मुलांची आईच असेल असं धरू नका. पहिली बाळंतपणात जायची, आणि दुसरी लगेच घरात यायची.

१८५० च्या मागे खरी कसोटी आहे. १७९० ते १८४० च्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असतं. बाकीची माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. म्हणून इथून पुढे जमीन, कर, लग्न आणि मृत्युपत्र यांचेच कागद उपयोगाचे. ते शोधण्याआधी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, त्या वर्षीच्या हद्दी बघा. केंटकी १७९२ साली राज्य झालं तेव्हा तिथे ९ काउंट्या होत्या, आज १२० आहेत. घर जागचं हललं नाही तरी काउंटी तीनदा बदलते, आणि जुने कागद सहसा जुन्याच काउंटीच्या कचेरीत राहतात.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः दीड वर्ष घालवलं त्याबद्दल: एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं.

वसाहतकार घराण्यांत नावं मोजकी असायची. आजोबांचं नाव नातवाला, काकाचं पुतण्याला, त्यामुळे एका काउंटीत एकाच आडनावाचे तीन-चार जॉन सहज सापडतात. मला केंटकीतल्या एका काउंटीत दोन मिळाले, एकापुढे ‘सीनियर’, दुसऱ्यापुढे ‘ज्युनियर’. मी त्यांना बापलेक धरलं. आंतरजालावरच्या सगळ्या वंशावळींतही तसंच होतं. त्या पायावर मी आणखी दोन पिढ्या चढवल्या आणि त्या सगळ्या नंतर पाडाव्या लागल्या. त्या काळी हे शब्द नातं सांगत नसत. कारकुनाला एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखता यावीत म्हणून थोरला आणि धाकटा, एवढाच त्यांचा अर्थ. ते काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील, एकमेकांचे कोणीही नसतील.

माझी गाठ सुटली ती कराच्या याद्यांमुळे. केंटकीत या याद्या दरवर्षी व्हायच्या आणि त्यांत जमीन किती एकर, कोणत्या ओढ्यावर आणि घोडे किती हे लिहिलेलं असे. मी वीस वर्षांच्या याद्या एका कागदावर आडव्या मांडल्या, प्रत्येक जॉनला एक ओळ दिली. थोरला वारल्यावर दोन वर्षांनी धाकट्यापुढचा ‘ज्युनियर’ गेला आणि तो स्वतः ‘सीनियर’ झाला, कारण तोवर आणखी एक जॉन एकवीस वर्षांचा होऊन यादीत आला होता. दोघांच्या जमिनीही वेगवेगळ्या ओढ्यांवर होत्या. एका वर्षाची यादी पाहून यातलं काहीही दिसत नाही, म्हणून वर्षं गाळू नका.

मग खरेदीखतं घ्या. नवऱ्याने जमीन विकली की बायकोला त्या जमिनीवरचा आपला हक्क सोडून द्यावा लागे, म्हणून विक्रीच्या खतात तिचं नाव येतं. माझ्या एका जॉनच्या बायकोने सहीच्या जागी फुली मारली आहे, दुसऱ्याची बायको स्वच्छ अक्षरात नाव लिहिते. दोन घरं वेगळी आहेत हे मला त्या फुलीने पक्कं सांगितलं.

खताची चतुःसीमा कधीही वगळू नका. केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी इथे जमीन चौकोनी तुकड्यांत आखलेली नव्हती, ओक वृक्ष, ओढा आणि शेजाऱ्याची शीव धरून मोजलेली असे. शेजारी कोण, साक्षीदार कोण, मोजणीची साखळी कोणी धरली, लग्नाच्या बंधपत्रावर जामीन कोण राहिलं, ही सगळी नावं उतरवून घ्या. साखळी धरणारे बऱ्याचदा घरातलेच असत आणि जामीन बहुतेक वेळा मुलीचा बाप किंवा भाऊ. ही मंडळी टोळीनेच पश्चिमेकडे सरकायची, त्यामुळे तुमच्या माणसाचा मागचा गाव सापडत नसेल तर शेजाऱ्याचा शोधा.

मृत्युपत्रात मुलाचं नाव नाही म्हणून तो मुलगाच नव्हता असं ठरवू नका. त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो.

घराण्याची एखादी शाखा १८६२ च्या होमस्टेड कायद्याने (वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) मिळालेल्या १६० एकरांवर गेली असेल तर काम हलकं होतं. पाच वर्षं राहिल्याचा पुरावा आणि शेजाऱ्यांच्या साक्षी असलेली फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते.

एक आग्रह आहे. दक्षिणेकडच्या घराण्यांच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुरं, नांगर यांच्याबरोबर गुलाम केलेल्या माणसांची नावं असतात, पुढे किंमत लिहिलेली. ती तुमच्या वंशावळीत बसत नाहीत म्हणून सोडू नका. त्यांतल्या बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० साली. त्याआधीचं नाव शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांना अनेकदा तुमच्या हातातला कागदच काय तो मिळतो. प्रत्येक नाव जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी काउंटी, वर्ष, वहीचा क्रमांक आणि पान लिहून ते सर्वांना दिसेल असं ठेवा.