मुहूर्त, उजेड आणि अंतरपाट : नाशिकमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी छायाचित्रणाचे नियोजन

लग्न ठरल्यावर कार्यालय, आचारी आणि गुरुजी यांच्याशी घरातली मोठी माणसे बोलतात. फोटोग्राफरशी बोलण्याचे काम मात्र बहुधा वधूवरांकडे येते. ती दोघे भेटायला येतात तेव्हा मोबाइलवर जमवलेले चाळीस-पन्नास फोटो दाखवतात आणि ‘आम्हाला असे हवेत’ असे सांगतात. त्या फोटोंतला महालाचा सज्जा आडगावच्या लॉन्सवर नसतो, आणि तिथला कोवळा उजेड दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला मिळत नाही. अनेक वर्षे नाशिक आणि आसपासच्या गावांत लग्ने टिपल्यावर मी आता पहिल्या भेटीत नमुने मागतच नाही. मी लग्नपत्रिका, विधींचा क्रम आणि माणसांची यादी मागतो. तुमचा फोटोग्राफर या तीन गोष्टी मागत नसेल, तर तुम्हीच त्या त्याच्या हाती द्या.

मुहूर्तापासून सुरुवात करू. आपली घड्याळे 82.5 अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालतात आणि नाशिक 73.8 अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी. नोव्हेंबरच्या मध्याला 12.20 च्या सुमारास, फेब्रुवारीत 12.50 च्या जवळ. पत्रिकेवर ‘दुपारी 12 वाजून 36 मिनिटे’ असे छापले असेल, तर भर माध्यान्ही लग्न आहे असे समजावे. मे महिन्यात याचा त्रास सर्वाधिक होतो, कारण 20 मेच्या आसपास नाशिकमध्ये माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. अशा उन्हात फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली थेट डोळ्यांवर पडते, आणि सगळ्या फोटोंत नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. यावर उपाय सोपा आहे. तो मांडववाल्याशी आधी बोलण्याचा आहे. बोहल्यावरचे छत पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या जाड कापडाचे घ्यावे. लाल किंवा केशरी कापडातून गाळून येणारे ऊन चेहऱ्यांवर तोच रंग चढवते आणि तो नंतर संगणकावर पूर्णपणे काढता येत नाही. हळदीच्या कार्यक्रमाला पिवळे छत लावण्याची हल्ली मोठी हौस आहे. पिवळ्या उजेडात पिवळी हळद दिसत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

डिसेंबरमधल्या लग्नांचा प्रश्न वेगळा असतो. तेव्हा माध्यान्हीचा सूर्यसुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण 46-47 अंशांवर असतो. स्टेजची पाठ दक्षिणेला असेल तर ऊन मागून येते, चेहरे काळवंडतात आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर तिरीप येते. पाठ उत्तरेला असेल तर वधूवर तासभर डोळे बारीक करून उभे राहतात. बोहल्याची दिशा गुरुजी ठरवतात आणि तिच्यात कोणी ढवळाढवळ करू नये. स्वागत समारंभाच्या स्टेजला मात्र शास्त्राचे बंधन नाही. ते पूर्व-पश्चिम बाजूला उभारता येते का, हे लॉन्स ठरवतानाच विचारून घ्यावे.

गोरज मुहूर्ताबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण उत्तम फोटोंची संधी त्यात असते आणि ती बहुतेक वेळा वरातीत हरवते. नाशिकमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आत मावळतो, मेच्या अखेरीस सातनंतर. मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटे आकाशात निळसर उजेड राहतो आणि स्टेजवरचे पिवळे दिवे त्याच्याशी फार सुंदर जुळतात. नवरदेवाची मिरवणूक डीजेपुढे पाऊण तास रेंगाळली की हा उजेड संपतो, आणि गोरज मुहूर्तावरचे लग्न रात्रीचे लग्न होऊन बसते. वरातीची वेळ वाढणारच, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून ती पत्रिकेतल्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी सुरू करायला सांगावे आणि ही जबाबदारी नवरदेवाच्या मित्रांकडे न देता एखाद्या कडक काकांकडे द्यावी.

अंतरपाटाचा क्षण

पूर्ण लग्नात ज्याची पुनरावृत्ती होऊ शकत नाही असा क्षण एकच. ‘तदेव लग्नं’ संपते, ‘शुभमंगल सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि अक्षता पडतात. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. सुरुवातीच्या वर्षांत गंगापूर रस्त्यावरच्या एका लग्नात मी नेमक्या त्या बाजूला उभा होतो जिकडे अंतरपाट ओढला गेला. माझ्या फोटोत पांढरे कापड, त्यावरचे कुंकवाचे स्वस्तिक आणि कडेला अर्धे बाशिंग एवढेच आले. नवरीचा त्या क्षणीचा चेहरा कोणाकडेच नव्हता, कारण त्या दिवशी मी एकटाच होतो. तेव्हापासून अंतरपाट कोणत्या बाजूला काढणार हे मी गुरुजींना विधी सुरू होण्यापूर्वीच विचारतो, आणि एका कॅमेऱ्यावर लग्नाचे काम घेत नाही. अंतरपाटाच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा आणि शक्य असल्यास तिसरा थोडा उंचावर, एवढी मांडणी तुम्ही आग्रहाने मागावी.

मंगलाष्टके किती होणार आणि कोण म्हणणार, हेही आधी ठरलेले बरे. आत्याबाईंनी स्वतः रचलेले आणि मावशींनी चाल लावलेले मंगलाष्टक ऐनवेळी पुढे आले की फोटोग्राफरचा अंदाज चुकतो. म्हणणाऱ्यांची नावे आधी कळली, तर त्यांचेही फोटो निघतात, आणि ते त्यांना हवेच असतात.

हवेतल्या अक्षता थिजलेल्या दिसाव्यात यासाठी कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत न्यावा लागतो. मात्र आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होतात, आणि इतक्या वेगात घेतलेल्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे उमटतात. दिवे लावणाऱ्याला ‘व्हिडिओसाठी चालतील असे, न फडफडणारे दिवे’ असे स्पष्ट सांगावे आणि आदल्या संध्याकाळी फोटोग्राफरला पाच मिनिटे चाचणी घेऊ द्यावी. मागे चालणारी मोठी एलईडी वॉल विधींच्या वेळी बंद ठेवता आली, तर उत्तमच.

राहिला प्रश्न मोबाइलचा. अंतरपाट दूर होताना पहिल्या रांगेतले सगळे हात वर जातात आणि त्या हातांच्या जंगलात वधूवर दिसेनासे होतात. यासाठी प्रवेशद्वारावर पाट्या लावून काही होत नाही. गुरुजींनी मंगलाष्टकांपूर्वी माइकवरून एकच वाक्य सांगावे, की अक्षता दोन्ही हातांनी टाकायच्या आहेत, मोबाइल खिशात ठेवावेत. गुरुजींचा शब्द लोक ऐकतात.

एक गोष्ट मात्र फोटोग्राफरलाही बजावून ठेवावी. ‘गुरुजी, मंगळसूत्र परत एकदा’ ही मागणी आमच्या व्यवसायात सर्रास चालते आणि मला ती मुळीच पटत नाही. विधी होत असताना जे मिळाले ते मिळाले.

माणसे आणि विधी

विधींची यादी देताना त्यांच्यापुढे माणसांची नावे आणि नाती लिहावीत. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालणारा आणि कानपिळीला नवरदेवाचा कान धरणारा भाऊ सख्खा की मामेभाऊ, मामा नवरीला बोहल्यावर आणणार असतील तर ते कोणत्या दाराने येतील, करवल्या किती, आदल्या दिवशी मांडव डहाळे बैलगाडीतून येणार असतील तर किती वाजता, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. सूनमुखाचा विधी तर खास सांगण्यासारखा आहे. सासूबाई सुनेचा चेहरा आरशात पाहतात आणि तो फोटो घेताना नवखा फोटोग्राफर हमखास स्वतःच आरशात दिसतो. सासूबाईंच्या खांद्यामागे थोडे तिरके उभे राहून लेन्स आरशातल्या नवरीच्या चेहऱ्यावर रोखली, तर दोघींचे भाव एकाच चौकटीत येतात; त्यासाठी आरसा हातभर मोठा हवा. चांदीच्या छोट्या आरशात फक्त नथ मावते.

कुटुंबाच्या समूहफोटोंना प्रत्येकी दोन मिनिटे धरावीत. वीस समूह म्हणजे चाळीस मिनिटे, आणि तेवढा वेळ आहेर घेऊन उभी असलेली रांग खोळंबते. म्हणून दोन्ही पक्षांकडून पंधराहून अधिक समूह लिहू नयेत आणि प्रत्येक पक्षातून सगळ्यांना ओळखणारा, खणखणीत आवाजाचा एक माणूस हाका मारायला नेमावा. आजी-आजोबांचे फोटो सर्वांत आधी, पहिल्या पंगतीपूर्वी घ्यावेत. जेवणानंतर त्यांना परत स्टेजवर चढवणे त्यांच्या गुडघ्यांना परवडत नाही. व्याहीभेटीचा क्रम मानपानाचा असतो. तो घरच्यांनीच लिहून द्यावा. फोटोग्राफरने चुकवला तर रुसवे तुमच्या वाट्याला येतात.

वधूवरांनी फक्त एकमेकांसोबत असे पंचवीस मिनिटे राखून ठेवावे. लग्नाआधी एकमेकांना पाहणे घरात चालत नसेल, तर सप्तपदी झाल्यावर आणि शालू बदलण्यापूर्वीची वेळ योग्य असते. येवल्याची पैठणी नेसणार असाल, तर तिचा पदर खिडकीच्या बाजूच्या उजेडात स्वतंत्रपणे टिपून घ्यावा, कारण समोरून मारलेल्या फ्लॅशने जरतार पांढरी फटक पडते आणि मोर दिसेनासे होतात.

लग्नाआधीचे शूट

सर्वांना द्राक्षबाग हवी असते, पण बागेचे वेळापत्रक कोणी पाहत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि बागेत खोडे, तारा आणि बांबू एवढेच उरते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पालवी येते, डिसेंबरमध्ये मांडव हिरवागार भरतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत निर्यातीच्या बागांतले घड कागदात गुंडाळलेले असतात. म्हणून घड दिसायला हवे असतील, तर कोणत्या बागेला कागद लावलेला नाही हे शेतकऱ्यालाच विचारावे, त्याची परवानगी घ्यावी आणि औषध कधी फवारले हेही विचारावे. ताज्या फवारणीत रेशमी साडीने शिरू नये.

पांडवलेणी आणि सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालची स्थळे आहेत. तिथे तिवई, दिवे आणि कपडे बदलण्याचा लवाजमा घेऊन परवानगीशिवाय जाता येत नाही. रामकुंडावर सूर्योदयाच्या वेळी फार चांगला उजेड असतो, पण तिथे दशक्रिया आणि अस्थिविसर्जन चालू असते. दुःखात असलेल्या माणसांच्या मागे तुमचे हसरे फोटो निघू नयेत, इतपत भान ठेवावे. 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात गोदाघाट गृहीतच धरू नये. गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे सकाळी आठपूर्वी वारा कमी असतो, म्हणून मी तिकडे सकाळीच जातो.

ड्रोनचा उल्लेख पॅकेजमध्ये ठळक असतो. नाशिकभोवती देवळालीची लष्करी छावणी, गांधीनगरचे लष्करी हवाई केंद्र, ओझरचा विमानतळ आणि नाशिकरोडची नोटप्रेस आहे, त्यामुळे शहरात कुठेही ड्रोन उडवता येतो असे मानू नये. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्र हिरवे, पिवळे आणि लाल असे विभागलेले आहे. तुमचे लॉन्स कोणत्या भागात येते हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहून मगच त्याचे पैसे कबूल करावेत.

करारात काय असावे

निवडक पन्नास फोटोंवरून कोणाचीही निवड करू नये. एका लग्नाचे सर्व फोटो, दिवे गेल्यावरचे आणि पंगतीतलेही, दाखवायला सांगावे. ज्याचे काम पाहिले तोच माणूस येणार का, हे नावानिशी लिहून घ्यावे, कारण लग्नतिथी दाट असल्या की काम परस्पर दुसऱ्याकडे दिले जाते. किती तास, किती कॅमेरे, अल्बमची पाने आणि मिळण्याची मुदत हे सगळेच लिहितात. राहून जाते ते असे : कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणारा आहे का, त्या रात्रीच दोन वेगळ्या डिस्कवर प्रत घेतली जाईल का, आणि मूळ फाइली किती महिने जपल्या जातील. एका लग्नाचे तीन हजार मूळ फोटो सहज शंभर जीबी भरतात आणि व्हिडिओ सर्वसाधारण फोर-के प्रतीत तासाला 45 जीबी घेतो. ही जागा मोफत नसते, म्हणून पुष्कळ जण सहा महिन्यांत ती रिकामी करतात. स्वतःची एक डिस्क लग्नापूर्वीच विकत घेऊन ठेवावी.

हक्कांबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. त्यामुळे छापील करारातल्या बारीक अक्षरांत हा हक्क सोडून दिलेला नाही ना, हे वाचावे. इन्स्टाग्रामवर कोणते फोटो टाकायचे ते तुम्हाला विचारूनच टाकले जातील, असे एक वाक्य वाढवून घ्यावे; हळदीचे फोटो सगळ्यांनी पाहावेत असे प्रत्येक नवरीला वाटत नाही.

हार घातलेल्या दोघांचा, चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो दुसऱ्याच दिवशी छापून मागावा, कारण विवाह नोंदणीच्या अर्जासोबत तो लागतो. अल्बमसाठी निवड करायला मात्र तुम्हीच एक महिन्याची मुदत पाळावी. माझ्या कपाटात आजही चार जोडप्यांचे अल्बम थांबले आहेत. त्यांतल्या एकाच्या निवडीसाठी मी बारशाच्या कार्यक्रमात आठवण करून दिली होती.