किकच्या सरावाची साधनं लावताना या चुका टाळा

पक्क्या गोलपोस्टचं एक बरं असतं, तो काल जिथे होता तिथेच आज असतो. पिशवीतून नेता येणारी साधनं, म्हणजे रिबाउंडरची (बॉल परत फेकणारी) जाळी, कमरेच्या पट्ट्याचा किक ट्रेनर, दोरीला टांगलेला बॉल, घडीचा छोटा गोल, ही मात्र रोज नव्याने लावावी लागतात. काल जाळी ५ मीटरवर होती, आज ४ वर. काल बॉल टणक होता, आज निम्मा उतरलेला. पोराचा पाय रोज या बदलाशी जुळवून घेत राहतो आणि महिनाभराने किक होती तशीच राहते. मिरजेला फुटबॉलची जुनी आवड आहे, सांगलीतही पोरं पहाटे मैदानावर येतात, आईवडील पोटाला चिमटा काढून सामान घेऊन देतात. ती मेहनत मांडणीच्या चुकीत वाया जाऊ नये. किक बिघडली की आधी साधन कसं लावलंय ते बघा, पाय नंतर.

एक काम पहिल्याच दिवशी करून ठेवा. ११ मीटर सुतळी घ्या आणि तिला ३, ५, ८ मीटरवर आणि शेवटच्या टोकाला गाठी मारा. पावलांनी अंतर मोजू नका, कारण बाराव्या वर्षीचं पाऊल आणि चौदाव्या वर्षीचं पाऊल सारखं नसतं. ११ मीटर म्हणजे पेनल्टीचं अंतर, त्यामुळे ती शेवटची गाठ पुढे कायम उपयोगी पडते.

बॉलमधली हवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. नियमाप्रमाणे ५ नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवेचा दाब ०.६ ते १.१ बार, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय असतो. सरावाला ०.७ ते ०.८ बार पुरे. बॉलच्या व्हॉल्वजवळ दाबाचे आकडे छापलेले असतात. ते वेगळे असतील तर छापलेलेच पाळा.

अंगठ्याने दाबून अंदाज घेणं ही पहिली चूक. दुसरी त्याहून महागात पडते: पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर हवा भरून घेणं. गाडीच्या टायरला लागणारा दाब बॉलच्या कितीतरी पट असतो. डोळ्याचं पातं लवतंय तोवर बॉल फुगून अंडाकृती होतो, शिवण ताणते आणि मग तो सरळ जातच नाही. साधा हातपंप, सुई आणि छोटा गेज एवढंच जवळ ठेवा. सुई कोरडी घुसवू नका. व्हॉल्ववर ग्लिसरीनचा एक थेंब सोडा आणि सुई सरळ दाबा. तिरकी गेली तर व्हॉल्वचं रबर फाटतं आणि बॉल रोज उतरायला लागतो.

आपल्याकडे ऊनही हिशेबात धरावं लागतं. थंडीतल्या पहाटे, १५ अंशांना ०.८ बार भरलेला बॉल ४० अंशांपर्यंत तापला की दाब सुमारे ०.९५ वर जातो. म्हणून सकाळी भरलेली हवा संध्याकाळच्या सरावाला चालेल असं धरू नका, ज्या वेळी खेळणार त्याच वेळी मोजा. ८ वर्षांखालच्या मुलांना ३ नंबर, ८ ते १२ वयाला ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. लहान मुलाला ५ नंबर दिला तर तो घोटा सैल सोडून बुटाच्या टोकाने मारायला शिकतो, कारण त्याशिवाय बॉल हलतच नाही. ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

कमरेच्या पट्ट्याचा किक ट्रेनर

बॉलला रबरी कापडाची खोळ, खोळीला ताणणारी दोरी आणि दोरीचं टोक कमरेच्या पट्ट्याला. एकट्याला सराव करायला हे साधन चांगलं आहे, पण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. ते पहिला स्पर्श, साइड फूट (पावलाच्या आतल्या बाजूने मारणं) आणि हलकी व्हॉली (हवेतला बॉल खाली पडू न देता मारणं) यांसाठी आहे. जोरदार शॉट आणि फ्री किक यांसाठी नाही.

कारण समजून घ्या. पूर्ण ताकदीने मारलेल्या किकमध्ये बॉल सुटल्यावरही पाय पुढे जात राहतो, तोच फॉलो-थ्रू. दोरी आखूड असली की बॉल ताणून लगेच माघारी येतो. तोंडावर येईल या भीतीने मुलगा नकळत पाय मध्येच आवरतो. चार आठवडे असं केलं की मोकळ्या बॉलवरही पाय मध्येच थांबतो. शिवाय बॉल डावीकडे गेला असता की उजवीकडे, उंच की सरपटत, हे दोरी कळूच देत नाही, ती सगळ्याच किका परत आणते. चुकलेली किक आणि बरोबर किक दोन्ही पायाशी येऊन थांबतात. या साधनाची खरी मर्यादा ही आहे.

लावताना पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसवा आणि कडी बेंबीच्या सरळ रेषेत ठेवा. पट्टा सरकून कडी कुशीला गेली की बॉल तिरका परत येतो आणि मुलगा त्याला गाठायला अंग वळवतो. बॉल एक पाऊल पुढे जमिनीवर ठेवल्यावर दोरी सैल लोंबली पाहिजे. ताणलेली दिसली तर पट्टीची सरकती कडी सोडून लांबी वाढवा. खोळीत बॉल हलत असेल तर खोळ मोठी आहे. त्यात मोठा बॉल घालू नका, खोळ बदला. व्हॉल्व वरच्या बाजूला येईल असा बॉल बसवा. दोरीचं वरचं कापड कुठे उसवलंय का हे दर आठवड्याला बोटाने चाचपून बघा. आतलं रबर दिसायला लागलं की ती दोरी फेकून द्या, कारण ताणलेली तुटकी दोरी डोळ्यावर बसते. चष्मा लावणाऱ्या मुलाला हे साधन देऊ नका.

दर दहा मिनिटांनी पट्टा सोडा आणि ८ मीटरवरच्या १ मीटर रुंद फाटकातून पाच मोकळ्या किका मारायला लावा. दोन कोन (प्लॅस्टिकचे शंकू) ठेवले की फाटक झालं. खरं काय ते त्या पाच किकांत दिसतं.

टांगलेला बॉल

कडुलिंबाच्या फांदीला किंवा गच्चीच्या हुकाला जाळीत बॉल टांगायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. इथे चूक एकच होते, दोरी आखूड. १ मीटरच्या दोरीवर बॉल लगेच वर चढतो आणि पाय खालून उचलून मारायला शिकतो. शिवाय तो एका सेकंदात परत येतो, उभा पाय, म्हणजे न मारणारा पाय, बॉलशेजारी नीट टेकवायला वेळच मिळत नाही. दोरी ३ मीटर घ्या. हलक्या किकवर बॉल साधारण पावणेदोन सेकंदांनी मूळ जागी येतो आणि सुरुवातीला बराचसा आडवाच जातो. बुटाच्या नाडीच्या भागाने मारायचं असेल तर बॉल जमिनीला जेमतेम टेकेल इतका खाली ठेवा, व्हॉलीसाठी गुडघ्याइतका वर.

रिबाउंडर

जाळी सैल-घट्ट असणं हे तिरक्या परतीचं नेहमीचं कारण. खाटेची नवार जशी समोरासमोरच्या बाजूंनी ताणत जातात, तशाच इथल्या रबरी दोऱ्या अडकवायच्या: वर एक, खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. एका कडेने सुरू करून गोल फिरत गेलात तर शेवटची बाजू जास्त ताणते. लावून झाल्यावर ३ मीटरवरून हाताने जाळीच्या मध्यावर पाच वेळा बॉल टाका. पाचही वेळा सरळ परत आला तरच पाय लावा.

कोनाचं गणित सोपं आहे. जाळी जवळजवळ उभी असेल तर बॉल खालून परत येतो, मागे कललेली असेल तर हवेत उडून येतो. पासचा सराव उभ्या जाळीवर, छातीवर घेण्याचा आणि व्हॉलीचा सराव कललेल्या जाळीवर. रोजचा कोन तोच राहावा म्हणून पाइपवर मार्करने खूण करा. अंतर पासला ५ मीटर, व्हॉलीला ८. दोन-अडीच मीटरवर उभं राहून धडाधड मारणं बघायला भारी वाटतं, पण त्यात पाय नुसता बॉलला तोंड देत असतो. उभा पाय टेकवणं, घोटा ताठ करणं, मान खाली ठेवणं यातलं काहीच होत नाही.

आता खुंट्या. साधनाबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या जमिनीला चालत नाहीत. कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत ठोकलेली खुंटी काहीच धरत नाही, म्हणून दोन भेगांच्या मधल्या घट्ट ढेकळात ठोका आणि ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीची वापरा. पावसाळ्यात तीच माती इतकी मऊ होते की खुंटी हाताने निघते. तेव्हा खुंटीचा नाद सोडा आणि वजन ठेवा. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या मुरमाड मैदानावर बारीक तार वाकते. वेल्डिंगवाल्याकडून १२ मिलिमीटर सळईच्या, डोक्याला आकडा वळवलेल्या, २५ सेंटिमीटरच्या खुंट्या करून घ्या. कुठल्याही जमिनीत खुंटीचं डोकं ओढीच्या उलट दिशेला कललेलं हवं. भाड्याच्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) खुंटी मारूच नका, खालची चटई फाटते. तिथे युरियाच्या रिकाम्या पोत्यात २० किलो वाळू भरा, तोंड सुतळीने आवळा आणि अशी दोन पोती मागच्या पाइपवर ठेवा.

पाऊस सुरू व्हायच्या आधीचे आणि पावसाळ्यातले वारे हलक्यात घेऊ नका. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर. न बांधलेला हलता गोल किंवा मोठी जाळी अंगावर पडून जगात मुलांचे जीव गेले आहेत. लोखंडी चौकटीला पोरांना लोंबकळू देऊ नका आणि सराव संपला की ती आडवी करूनच घरी जा.

उभा पाय: खूण कशी करायची

सगळं साधन बरोबर लागलं आणि तरी किक चुकतेय, तर दहातल्या आठ वेळा दोष मारणाऱ्या पायात नसतो, टेकवलेल्या पायात असतो. तो बॉलच्या शेजारी, १५ ते २० सेंटिमीटरवर, बोटं नेमाच्या दिशेला अशी जागा घेतो. ही जागा दाखवायला अनेक जण कोन ठेवतात आणि मुलगा त्याच्यावरच पाय देतो. घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. कोन नको, फक्कीने पावलाच्या आकाराची रेघ मारा. टर्फवर फक्की चालत नसेल तर पातळ रबरी चकती घ्या, पण तीही पावलाच्या जागेवर नको, शेजारी ठेवा.

ही खूण असली की चूक वाचता येते. बॉल गोलच्या आडव्या बारच्या वरून जात असेल तर बघा, पाय बॉलच्या मागे टेकतोय आणि अंग मागे झुकतंय. किक कितीही जोरात मारली तरी बॉल जमिनीला घासत जात असेल तर पाय बॉलच्या पुढे गेलाय. उजव्या पायाने मारलेला बॉल सारखा डावीकडे जात असेल तर टेकलेल्या पायाची बोटं डावीकडे वळलेली असतात, नाहीतर पाय बॉलच्या आडवा फिरवला जातोय. उजवीकडे जात असेल तर पाय बॉलपासून लांब टेकलाय आणि कंबर उघडी राहिलीये. अंगठा जमिनीला घासत असेल तर पाय बॉलला फार चिकटून टेकलाय. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. मान, हात, घोटा, कंबर सगळं एकदम सांगितलं की पोरगं गोंधळतं आणि चिडतं.

बूट आणि किती किका

मुरमावर लांब स्टडचे (तळाला टोकं असलेले) बूट घालू नका. स्टड रुतत नाहीत, पाय त्यांच्यावर डुगडुगतो आणि गुडघ्याला त्रास होतो. बारीक रबरी स्टडचे टर्फ शूज बरे. पळायच्या जाड बुटात नाडीच्या भागाला बॉल कळतच नाही.

१२ ते १४ वर्षांच्या मुलाला एका वेळी जोरदार किका तीस-चाळीसच्या वर नकोत, बाकी सराव हलक्या पासचा. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखायला लागला किंवा जांघेत चमक आली तर त्या दिवशी किक बंद, आणि दुखणं राहिलं तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या पायाने केलेल्या सरावात मुलगा पाय वाचवत मारतो आणि तेच अंगवळणी पडतं.

सामान ठेवताना

ओली जाळी गुंडाळून पिशवीत कोंबली की दुसऱ्या दिवशी वास येतो आणि महिन्यात धागे सडायला लागतात. आधी दांडीवर वाळवा. काळी माती खोळीवर आणि सांध्यांत वाळून बसली तर पाइप एकमेकांत सरकत नाहीत, म्हणून ओली असतानाच पाण्याने धुवा, पुसा आणि लोखंडी सांध्यांना तेलाचं बोट लावा. रबरी दोऱ्या उन्हात कडक होतात. पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवलेली दोरी पुढच्या हंगामात ताणताच तुटते. सराव संपला की जाळीच्या दोऱ्या काढून सैल ठेवा. घडीचा गोल मिटताना तार जबरदस्तीने वाकवू नका, एकदा पीळ बसला की तो परत सपाट उभा राहत नाही.