मराठी मजकूर हाताळणाऱ्या कोडमध्ये या चुका टाळा

आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, पुष्कळदा अनेक चिन्हांची साखळी असते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा वाटतो. जावास्क्रिप्टमधील लेंग्थ (length, मजकुराची लांबी) मात्र त्यासाठी ११ हा आकडा देते, कारण हलंत (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह), काना आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. पीएचपीतील एसटीआरलेन (strlen) हे बाइट मोजणारे फंक्शन तर ३३ सांगते, कारण युटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून बातमीचा सारांश ठरावीक लांबीवर तोडल्यास शेवटी लटकलेला हलंत किंवा बाइट मोडल्याने प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. त्यासाठी इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) हे मजकूर अक्षरांत विभागणारे जावास्क्रिप्टचे साधन वापरणे योग्यच आहे. पण जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरांत तेही ‘त्र्य’चे तुकडे करू शकते. सारांश शब्दाच्या सीमेवरच तोडावा, हे माझ्या मते अधिक सुरक्षित आहे.

नाव तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात) बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) हे शब्दातील चिन्हांसाठीचे लघुरूप लिहिले, तर जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीत लिहिलेले एकही नाव मान्य होत नाही. त्याऐवजी युनिकोडचा केवळ ‘अक्षर’ हा वर्ग घेतल्यास ‘कमल’ चालते, पण ‘विठ्ठल’ अडते, कारण वेलांटी आणि हलंत ‘मार्क’ या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्यावेत. आपले नाव आपल्या लिपीत लिहिणाऱ्या माणसाला ‘अवैध नाव’ असा संदेश दाखवणे हा त्याचा अपमान आहे. अंकांचीही तीच गत: ‘१२’चे नंबरमध्ये रूपांतर करताना जावास्क्रिप्ट नॅन (NaN, ‘ही संख्या नाही’) देते, तर पायथनचे इंट (int) हे फंक्शन १२ देते.

सर्वांत चिवट दोष ‘ऱ्या’चा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन प्रकारे साठवलेला आढळू शकतो: (१) ऱ आणि हलंत; (२) र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलंत; किंवा (३) र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (जोडणी ठरवणारे अदृश्य चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना जुळत नाहीत. एनएफसी (NFC) नॉर्मलायझेशन, म्हणजे समान मजकूर एकाच रूपात आणण्याची युनिकोडची प्रक्रिया, पहिले दोन प्रकार एक करते, तिसऱ्याला मात्र हात लावत नाही. अशा वेळी अनेक जण सगळे जॉइनर सरसकट काढून टाकतात, आणि तिथेच अर्थ बिघडतो: डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात. त्यामुळे प्रथम एनएफसी करावे, मग र, हलंत आणि जॉइनर हा क्रम शोधून त्या जागी ऱ आणि हलंत ठेवावेत, आणि हीच प्रक्रिया शोधपेटीतील शब्दावर व डेटाबेसमधील जुन्या नोंदींवरही चालवावी. केवळ नव्या नोंदी सुधारल्या, तर जुना मजकूर शोधात सापडत नाही.