सॉकेट प्रोग्रामिंग: या चुका टाळा, त्यातही पहिली

सॉकेट म्हणजे दोन प्रोग्रामनी नेटवर्कवरून बोलायचं टोक; सेंडने पाठवायचं, रिसीव्हने वाचायचं. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं कुणी म्हणालं की मी कोड न बघताच विचारतो, रिसीव्ह लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा बोलावलेला, आहे का? बहुतेक वेळा नसतो.

टीसीपीला, म्हणजे सॉकेटखालून डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलला, तुमचे मेसेज कळत नाहीत. त्याला कळतात फक्त बाइट, एकामागून एक. क्लायंटने एका सेंडमध्ये ३००० बाइट दिले, म्हणून सर्व्हरच्या एका रिसीव्हमध्ये ३००० मिळतीलच असं नाही. रिसीव्हला दिलेला ४०९६ हा आकडा 'जास्तीत जास्त इतके' एवढंच सांगतो.

हे मी स्वतः दोन दिवस घालवून शिकलो. दोन्ही प्रोग्राम एकाच लिनक्स मशीनवर असताना सगळं झकास चालायचं, कारण लूपबॅकचा (मशीनने स्वतःशीच बोलायच्या आतल्या नेटवर्कचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइझ, ६५५३६ बाइट असतो. माझं तीन हजार बाइटचं रेकॉर्ड त्यातून अखंड जायचं. सर्व्हर दुसऱ्या मशीनवर नेला आणि रेकॉर्ड अर्धवट यायला लागली. कधी १४४८ बाइट, कधी २८९६. इथरनेटच्या १५०० च्या एमटीयूमधून आयपी हेडरचे २०, टीसीपी हेडरचे २० आणि टीसीपीच्या टाइमस्टॅम्प ऑप्शनचे १२ गेले की एका पॅकेटमध्ये डेटाचे १४४८ उरतात; २८९६ म्हणजे अशी दोन. हा हिशोब तेव्हा केला असता तर पहिल्याच तासात उलगडा झाला असता. मी मात्र केबल बदलत बसलो.

मग ती सुप्रसिद्ध युक्ती केली: रिसीव्हच्या आधी २०० मिलिसेकंदांची स्लीप. चाललं! दुसऱ्या दिवशी क्लायंट जरा भरभर पाठवायला लागला आणि आता एका रिसीव्हमध्ये एक पूर्ण रेकॉर्ड आणि पुढच्याचं डोकं असं चिकटून यायला लागलं. सॉकेटच्या कोडमध्ये स्लीप दिसली की मी तो कोड परत पाठवतो. कारण विचारत नाही.

आता माझी सवय अशी: प्रत्येक मेसेजच्या आधी चार बाइटच्या हेडरमध्ये त्याची लांबी, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (सगळ्यात मोठा बाइट आधी). आणि 'बरोबर एवढे बाइट मिळेपर्यंत वाचत राहा' हे फंक्शन बाकी काहीही लिहायच्या आधी. त्याची परीक्षा घ्यायची ती मुद्दाम एकेक बाइट पाठवणाऱ्या क्लायंटने. लांबीवर कमाल मर्यादा हवीच. कुणी चुकून ब्राउझरने तुमचं पोर्ट उघडलं, तर त्याच्या विनंतीच्या सुरुवातीच्या 'GET' या शब्दाची तीन अक्षरं आणि पुढची मोकळी जागा मिळून तुमच्या हेडरमध्ये लांबी म्हणून १,१९,५७,२५,८५६ वाचलं जातं, आणि सर्व्हर मुकाट्याने तेवढी मेमरी मागायला जातो.

सेंडचंही तेच. किती बाइट गेले ते तो परत सांगतो, ते बघा. पायथनमध्ये सरळ सेंडऑल वापरा, तो सगळे बाइट जाईपर्यंत पाठवत राहतो.

रिसीव्हने शून्य दिलं तर ती एरर नाही, समोरच्याने पाठवणं संपवलंय. हे न तपासणारा लूप सीपीयूचा एक कोअर खाऊन बसतो.

'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं की नवशिके पोर्ट बदलतात. ८०८०, मग ८०८१, मग ८०८२... अहो, जुनं कनेक्शन टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यावरच्या थांबण्याच्या अवस्थेत आहे, लिनक्सवर ते ६० सेकंद राहतं. रीयूज-अॅड्रेसचा ऑप्शन लावा, पण बाइंडच्या, म्हणजे सॉकेटला पोर्ट जोडण्याच्या, आधी. नंतर लावून उपयोग नाही.

सी मध्ये पोर्ट देताना बाइटचा क्रम बदलायला विसरलात, तर आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर ८०८० चं ३६८९५ होतं. सर्व्हर चालू, तरी कनेक्शन नाकारलं जातंय? ऐकणारी पोर्टं दाखवणारी एसएस कमांड आधी चालवा. तिथेच १२७.०.०.१ (लूपबॅकचा पत्ता) दिसलं, तर बाहेरच्या मशीनवरून कुणी जोडू शकत नाही हेही कळेल.

आणि सर्व्हर काही न बोलता मरत असेल, तर लॉगमध्ये शोधू नका. क्लायंट निघून गेलेल्या सॉकेटवर लिहिलं की सिगपाइप हा सिग्नल ऑपरेटिंग सिस्टीमकडून येतो आणि तो अख्खी प्रोसेस बंद करतो. सर्व्हरच्या मेनमध्ये पहिल्याच ओळीला मी तो इग्नोर करून टाकतो, मग सेंड नुसती एरर देतो.