सेंट लुईसची कॅल्व्हरी सिमेट्री बघायची तर अशी बघा

अमेरिकेतल्या सेंट लुईसला मुलांकडे किंवा कामासाठी गेलात आणि तिथली प्रसिद्ध गेटवे आर्च ही उंच कमान बघून झाली की अर्धा दिवस काढून वेस्ट फ्लोरिसंट अव्हेन्यूवरच्या कॅल्व्हरीला जा. गाडी पाहिजेच, कारण साधारण 470 एकरांचं कॅथलिक कबरस्तान आहे, तीन लाखांच्या वर माणसं पुरलीयत, चालत काही होत नाही. शेजारीच बेलफाउंटन नावाची दुसरी जुनी सिमेट्री आहे, ती कॅथलिक नाही, तेव्हा मॅपवर गेट नीट बघून घ्या. ज्याची कबर बघायची त्याचं नाव आधी ऑनलाइन टाकून सेक्शन आणि लॉट नंबर काढा, नाहीतर ऑफिसात नकाशा मागा, उगाच भटकण्यात मजा नाही.

थोडी पार्श्वभूमी. 1849 मध्ये कॉलऱ्याने शहरात हजारो माणसं गेली, गावातल्या जुन्या दफनभूमी अपुऱ्या पडायला लागल्या, मग आर्चबिशप पीटर रिचर्ड केनरिक यांनी 1853 मध्ये शहराबाहेर हेन्री क्ले या राजकारण्याची शेतजमीन घेतली आणि 1854 मध्ये कॅल्व्हरी सुरू झाली.

आता खरी युक्ती. थडग्यावर मृत्यूचं साल 1854 च्या आधीचं दिसलं की समजायचं, हा माणूस आधी दुसरीकडे पुरलेला होता, नंतर इथे हलवला. शहर वसवणाऱ्यांपैकी ऑगस्ट शूटो 1829 मध्ये गेला, तरी कबर इथे! साल नंतरचं असलं तरी गाफील राहू नका, ड्रेड स्कॉटचंच बघा. गुलामीतून सुटायला हा माणूस कोर्टात लढला, 1857 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, त्याच वर्षी जुन्या मालकाच्या घराण्यातल्या टेलर ब्लोने त्याला मोकळं केलं, आणि पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. पुरला होता वेस्लियन कबरस्तानात, ते बंद पडलं तेव्हा 1867 मध्ये ब्लोने त्याला इथे आणलं. पुढे कित्येक वर्षं कबरीवर साधा दगडही नव्हता, तो 1957 मध्ये बसला, आणि मोठं नवं स्मारक तर 2023 चं. कबरीच्या दगडावर लोक लिंकनचं चित्र असलेली एक सेंटची नाणी ठेवून जातात, ती उचलू नका. बायको हॅरिएट मात्र इथे नाही, ती ग्रीनवुड सिमेट्रीत आहे, जमलं तर तिकडेही जा, मला तर ते जास्त मनाला लागतं.

मग अमेरिकन यादवी युद्धातला उत्तरेकडचा सेनापती जनरल शर्मन. तो स्वतः काही भाविक कॅथलिक नव्हता, पण बायको एलेन कट्टर, म्हणून 1891 मध्ये तिच्या शेजारी जागा मिळाली, आणि अंत्यविधी केला जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) झालेल्या त्यांच्या मुलाने. नाटककार टेनेसी विल्यम्सला हे शहर बिलकुल आवडायचं नाही, त्याला समुद्रात विसर्जन हवं होतं, पण 1983 मध्ये भावाने आणून इथेच पुरलं. घरचे ऐकतात थोडीच!

साधी थडगीही वाचा. आयरिश लोकांच्या दगडांवर कधीकधी आयर्लंडमधल्या काउंटीचं नाव कोरलेलं असतं, त्यावरून कुठली माणसं कुठून आली ते कळतं. वेळ उरला तर कबरी नसलेला साधारण 25 एकरांचा तुकडा शोधा, तो कधीच न नांगरलेला मूळचा प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ आहे, गवत टिकावं म्हणून तिथे मुद्दाम आग लावतात, जळलेलं दिसलं तर घाबरू नका.