फोगो सेल्वाजेम: या चुका टाळा

ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात लिमाओ वेर्दे नावाची तेरेना आदिवासींची वस्ती आहे, तिथे शंभरातल्या साधारण तिघांना फोगो सेल्वाजेम हा त्वचेवर फोड आणणारा आजार असल्याचं संशोधकांना आढळलं. त्वचेच्या एखाद्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या, रोगासाठी हे प्रमाण भयंकरच म्हणायचं. शास्त्रीय भाषेत हा पेम्फिगस फोलिएशिअसचाच एक प्रकार, ठरावीक ग्रामीण भागात ठाण मांडून बसलेला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशंटची ताटवाटी वेगळी करणं. एकाच घरात दोघांना झाला की संसर्गच आहे असं वाटतं, पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, शरीरच स्वतःच्या त्वचेतल्या डेस्मोग्लेइन १ या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. घरच्यांचे जीन्स सारखे असतात आणि चावणाऱ्या माश्याही त्याच! ओढ्याकाठच्या काळ्या माश्या आणि सँडफ्लाय यांच्यावर संशय आहे, त्यांच्या लाळेतल्या प्रथिनांमुळे हे सुरू होत असावं असं मानतात. गंमत म्हणजे त्या भागातल्या बऱ्याच धडधाकट लोकांच्या रक्तातही या अँटिबॉडी सापडतात, त्यामुळे नुसता ब्लड रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून आजार झाला असं धरून चालू नका.

दुसरं, मोठाले फोड दिसायची वाट बघत बसू नका. इथे फोड इतके वरवरचे असतात की दिसायच्या आधीच फुटतात, मागे उरतात ओलसर चट्टे, पापुद्रे, खपल्या. सुरुवात चेहरा, डोकं, छाती आणि पाठीच्या वरच्या भागापासून होते म्हणून कोणी कोंडा समजतं, कोणी बुरशी समजून ट्यूब चोळत बसतं. उन्हात आग वाढते. डॉक्टर चट्ट्याशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर अंगठा दाबून सरकवतात तेव्हा वरचा पापुद्रा अलगद सुटून येतो, पण हे घरी करून बघायचं नाही, जखम वाढेल.

या प्रकारात तोंडाच्या आत काही होत नाही. आपल्याकडे मात्र पेम्फिगसचा दुसरा प्रकार, पेम्फिगस व्हल्गॅरिस, जास्त दिसतो आणि तो बहुतेकदा तोंडातूनच सुरू होतो, मग पेशंट महिनोन्‌महिने ‘तोंड आलंय’ म्हणत बी-कॉम्प्लेक्स खातो. काही आठवड्यांत तोंड बरं झालं नाही तर सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा.

बायोप्सीत एक चूक फार महागात पडते. त्वचेचे दोन तुकडे घ्यावे लागतात, एक नेहमीसारखा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा (त्वचेतल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणारी टेस्ट), मिशेल मीडियम नावाच्या खास द्रावणात किंवा लॅब जवळ असेल तर सलाइनमध्ये. दुसराही फॉर्मेलिनमध्ये टाकला की ती टेस्ट गेलीच, पुन्हा टोचाटोची.

आता स्टेरॉइड. ते यायच्या आधी या आजाराने कितीतरी माणसं गेली, त्यामुळे ‘स्टेरॉइड नको’ हा हट्ट इथे धरू नका. पण गोळ्या सुरू करायच्या आधी जंतांचं बघणं फार गरजेचं, कारण अनवाणी मातीत वावरणाऱ्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत असू शकतो, एरवी तो गपगुमान असतो पण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की अंगभर पसरून जीवही घेऊ शकतो. ब्राझीलमधले डॉक्टर म्हणूनच आधी जंतांचं औषध देतात. शुगर, बीपी, हाडं यांच्यावरही लक्ष हवंच.

आणि खपल्या वाळल्या की गोळ्या बंद, हे तर करूच नका. डोस हळूहळू डॉक्टरांनीच उतरवायचा. अचानक थांबवला तर फोड परत येतात ते वेगळंच, वर चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

उपचार चालू असताना ताप आला आणि एकाच आकाराचे, मध्ये खळगा असलेले बारीक फोड भराभर उठले तर ‘आजार वाढला’ म्हणून स्वतःच डोस वाढवू नका. तो वरून झालेला हर्पिसचा संसर्ग असू शकतो, त्याचं औषध वेगळं आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.