कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ९२ टक्के आली? मग या चुका तपासा

टर्बोमशिनरी लॅबमध्ये साध्या सिंगल स्टेज कॉम्प्रेसरची एफिशियन्सी अचानक ९२ टक्के दिसू लागली, तर लगेच गाइडकडे धावू नका. मशीन सुधारलं असण्यापेक्षा मोजमाप चुकलं असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात मोठा घोळ तापमानाचा. हिशोब करून बघा. आत येणारी हवा ३०० केल्व्हिन, प्रेशर रेशो (आउटलेट आणि इनलेटच्या दाबांचं गुणोत्तर) १.२. आयसेंट्रॉपिक, म्हणजे काहीच तोटा नसताना होणारी, तापमानवाढ जेमतेम १६ अंश. या वाढीला प्रत्यक्ष वाढीने भागलं की एफिशियन्सी मिळते. एफिशियन्सी खरोखर ८५ टक्के असेल, तर प्रत्यक्ष वाढ १९ अंशांच्या आसपास. आणि के-टाइप थर्मोकपलचा (तापमानाच्या सेन्सरचा) क्लास १ चा टॉलरन्सच ±१.५ अंश! तेवढ्या चुकीने हीच एफिशियन्सी ७९ दिसेल, नाहीतर ९२. म्हणून इनलेट आणि आउटलेटचे थर्मोकपल बसवण्याआधी सगळे एकाच बाथमध्ये बुडवा आणि त्यांच्यातला आपसातला फरक टिपून ठेवा. शेवटी वापरायचा असतो तो फरकच.

सुरुवातीला जास्त येणारी एफिशियन्सी हळूहळू उतरत असेल, तर केसिंग अजून तापतंय. धातू उष्णता शोषतो, आउटलेटची हवा थंड भासते, आकडा फुगतो. आरपीएम स्थिर झाले म्हणजे रिग स्थिर झाली असं नाही. आउटलेट तापमानाचा आलेख आडवा होऊ द्या, मगच रीडिंग घ्या.

प्रेशरच्या चुका त्यामानाने लवकर सापडतात. एकाच रिंगवरचा एखादा टॅप (दाब मोजण्याचं भोक) इतरांपेक्षा वेगळं दाखवत असेल, तर भोकाच्या कडेला राहिलेला बर (धातूचा खरबरीत कंगोरा) किंवा गळकी नळी बघा. ट्रान्सड्यूसरचा (प्रेशर सेन्सरचा) झिरो रनच्या आधी आणि नंतरही तपासा. आणि रेशो काढताना गेज प्रेशरमध्ये बॅरोमीटरचं रीडिंग मिळवलंय ना? हसू नका, हे नेहमी राहतं.

सर्ज म्हणजे प्रवाह फार कमी झाल्यावर सगळी हवाच मागेपुढे हेलकावू लागणं. सर्जजवळ थ्रॉटल (प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) अगदी थोडा थोडा बंद करा, आणि व्हॉल्व्ह पटकन उघडण्याची सोय हाताशी असू द्या. एकदा सर्ज सुरू झाला, की थ्रॉटल जिथे होता तिथे परत आणून बऱ्याचदा भागत नाही, बराच जास्त उघडावा लागतो. त्यात पायपिंगचाही हात असतो. ग्रिट्झर या संशोधकाने १९७६ मध्ये दाखवलं होतं, की तोच कॉम्प्रेसर मागे मोठा प्लेनम (हवा साठण्याची जागा) असेल तर सर्जमध्ये जातो, छोटा असेल तर रोटेटिंग स्टॉलमध्ये (काही पात्यांपुरता बिघडलेला प्रवाह गोल फिरत राहतो) अडकतो. तेव्हा डिलिव्हरीचा पाइप किंवा टाकी बदलली असेल, तर जुन्या सर्ज लाइनवर (सर्ज कुठे सुरू होतो ती रेषा) विसंबू नका, नव्याने मोजा.